कस्टम रॉम टाकण्याआधी फोनचा बॅकअप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अँड्रॉइड फोनवर लिनिएजओएस किंवा तसाच एखादा कस्टम रॉम (कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी टाकायची दुसरी सिस्टिम) टाकायचा ठरला की रॉम कुठला, रिकव्हरी (रॉम चढवायला लागणारा छोटा प्रोग्राम) कुठली, गूगल ॲप्ससकट की त्यांच्याशिवाय, याची भरपूर चौकशी होते. बॅकअपची चौकशी मात्र बहुतेक वेळा उशिरा येते, आणि तेव्हा प्रश्न असा असतो : "उडालेला डेटा परत आणता येईल का?" त्याचं उत्तर जवळजवळ नेहमीच "नाही" असतं. म्हणून हे पान फोनला केबल जोडण्याआधी वाचा.

बूटलोडर अनलॉक करून मग बॅकअप घेतला तर? तोपर्यंत रॉम टाकलेला नसतोच.

तसं केलंत तर बैल गेला आणि झोपा केला. बूटलोडर (फोन सुरू करणारा, कुलूपबंद असलेला प्रोग्राम) अनलॉक होतानाच फोन स्वतःचा डेटा पुसून टाकतो. यात कुठला बिघाड नाही, ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. नाहीतर फोन चोरणाऱ्याने बूटलोडर उघडला असता, आपली रिकव्हरी चढवली असती आणि तुमचे फोटो निवांत पाहिले असते.

यातूनच सगळी गुंतागुंत सुरू होते. फोनची संपूर्ण, तळापर्यंतची प्रत घ्यायला रूट (सिस्टिमवर पूर्ण ताबा) किंवा कस्टम रिकव्हरी लागते. त्यासाठी अनलॉक लागतं. आणि अनलॉक केलं की ज्याची प्रत घ्यायची तेच जातं. म्हणून बॅकअप दोन टप्प्यांत घ्यावा लागतो. तुमच्या वस्तू अनलॉकच्या आधी वाचवायच्या, आणि फोनच्या स्वतःच्या वस्तू अनलॉकनंतर पण रॉम टाकण्याच्या आधी. हा क्रम चुकला तर बाकी कितीही काळजी घेतलीत तरी उपयोग नाही.

बऱ्याच शाओमी फोनांवर अनलॉकची परवानगी मागितल्यावर काही दिवस थांबावं लागतं. लोक यावर वैतागतात. पहिल्या टप्प्याचा बॅकअप शांतपणे घ्यायला तेवढे दिवस चांगलेच आहेत.

माझे फोटो "इंटरनल स्टोरेज"मध्ये आहेत. ते तर वेगळं असतं ना?

दिसायला वेगळं. आजच्या अँड्रॉइडमध्ये ज्याला आपण इंटरनल स्टोरेज म्हणतो ते डेटा पार्टिशनच्याच (ॲप्सचा डेटा ठेवणाऱ्या साठवणुकीच्या भागाच्याच) आत "मीडिया" नावाच्या फोल्डरमध्ये असतं. घर एकच, खोली निराळी. अनलॉकने डेटा पुसला की फोटो, डाउनलोड, गाणी, सगळं त्याच्याबरोबर जातं.

मी स्वतः पहिल्यांदा हे केलं तेव्हा संपर्कांची फाइल, मेसेजची फाइल, फोटोंचा झिप असा नीटनेटका बॅकअप तयार केला होता. "बॅकअप" नावाचं फोल्डर केलं, त्यावर तारीखही घातली. ते फोल्डर फोनमध्येच होतं. अनलॉकने ते मोठ्या निष्ठेने पुसलं. तेव्हापासून माझा नियम सोपा आहे : ज्या यंत्रावर शस्त्रक्रिया आहे, त्यात बॅकअप ठेवायचा नाही.

बाहेरचं मेमरी कार्ड मात्र खरोखर वेगळं असतं, पण एका अटीवर. ते कार्ड "इंटरनल स्टोरेज म्हणून" वापरायला दिलेलं असेल, तर त्यावरचा मजकूर फोनच्या किल्लीने कूटबद्ध असतो आणि ती किल्ली डेटाबरोबर जाते. कार्ड जागेवर राहतं, पण वाचता येत नाही. साधं कार्ड असलं तरी काम सुरू करण्याआधी ते काढून बाजूला ठेवा.

नेमकं काय काय वाचवायचं असतं?

मी मनात तीन ढीग करतो. पहिला उघड्या फाइलींचा : फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं. हा सोपा, फक्त वेळखाऊ. दुसरा ॲपच्या पोटातला : चॅट, नोंदी, खेळातली प्रगती, ओटीपी तयार करणाऱ्या ॲपमधली खाती. फाइल मॅनेजरला हा दिसत नाही, आणि लोक सर्वात जास्त इथेच गमावतात. तिसरा फोनच्या स्वतःच्या मालकीचा : आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), नेटवर्कची मांडणी, सेन्सरची जुळणी. तो तुम्ही कधी पाहिलेला नसतो, पण तो गेला तर फोनला सिम ओळखता येत नाही.

दुसऱ्या ढिगासाठी एक युक्ती. होम स्क्रीनच्या आणि ॲपच्या यादीच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या. मग एकेका ॲपवर बोट ठेवून विचारा : हे आत्ता काढून परत टाकलं तर काय दिसेल? "लॉग-इन केलं की सगळं येईल" असं उत्तर आलं तर पुढे चला. "माहीत नाही" आलं, तर तिथे थांबून त्या ॲपच्या सेटिंगमध्ये निर्यात किंवा बॅकअपची सोय शोधा. आवाज रेकॉर्ड करणारी ॲप्स, खात्याशिवाय चालणारी नोंदवही, खर्चाचा हिशोब, पाळीच्या तारखा ठेवणारी ॲप्स इथे हमखास सापडतात. गॅलरीतले "लपवलेले" अल्बम आणि सॅमसंगचं सिक्युअर फोल्डरही विसरू नका. केबलने फोन जोडला तर ते संगणकावर दिसत नाहीत. त्यातलं सामान आधी बाहेर काढावं लागतं.

गूगलचा बॅकअप सुरू आहे. तेवढा पुरत नाही का?

आधाराला चांगला, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. ॲपचा डेटा आपोआप ठेवण्याची सोय अँड्रॉइड ६ पासून आहे, पण दर ॲपला २५ एमबीपर्यंतच, आणि ॲप बनवणाऱ्याने ती बंद केलेली नसेल तरच. बँकेची आणि चॅटची बरीच ॲप्स ती बंद ठेवतात.

अँड्रॉइड ९ पासून हा बॅकअप तुमच्या स्क्रीन लॉकच्या पिन किंवा पॅटर्नने कुलूपबंद केलेला असतो. परत आणताना जुना पिन विचारला जातो. बोटाच्या ठशाची इतकी सवय झालेली असते की पिन आठवत नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत. तो आजच एकदा टाकून बघा. शिवाय नव्या अँड्रॉइडवर घेतलेला बॅकअप त्याहून जुन्या आवृत्तीवर उतरत नाही. तुमच्या फोनवर अँड्रॉइड १४ असेल आणि निवडलेला रॉम १३ वर आधारलेला असेल, तर हा मार्ग बंद. फोन ५७ दिवस वापरात नसला तरी हा बॅकअप पुसला जाऊ शकतो.

आणि मुख्य म्हणजे गूगल ॲप्सशिवाय रॉम टाकणार असाल तर हा बॅकअप उतरवायला तिथे कुणी नसतं. लिनिएजओएसमध्ये त्या जागी सीडव्हॉल्ट ही बॅकअपची सोय असते. ती पुढच्या वेळी कामाला येईल, आत्ता मूळ सिस्टिममधून बाहेर पडताना नाही.

फोटो गूगल फोटोजमध्ये जातात, मग केबलने कशाला उतरवू?

कारण तिथे बहुधा फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर जात असतं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड यांची फोल्डरं वेगळी सुरू करावी लागतात. "बॅकअप पूर्ण" ही ओळ फक्त निवडलेल्या फोल्डरांबद्दल बोलते.

केबलने उतरवताना एक किरकोळ पण त्रासदायक गोष्ट घडते. संगणकावरच्या फोल्डरमध्ये साधी कॉपी केली (तिला एमटीपी म्हणतात) तर फाइलींच्या तारखा बदलू शकतात. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख आतही नोंदलेली असते, पण चॅटमधून आलेल्या फोटोत ती सहसा नसते, आणि मग दहा वर्षांचे वाढदिवस एकाच दिवशी साजरे झालेले दिसतात. एडीबी (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) वापरता येत असेल तर त्याच्या पुल आज्ञेला तारखा जपण्याचा पर्याय आहे. तो लावा.

व्हॉट्सॲपच्या चॅट कशा वाचवायच्या?

चॅटच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी हाताने बॅकअप घ्या. रात्री आपोआप होणाऱ्या बॅकअपवर विसंबू नका, नाहीतर आजच्या दिवसाच्या चॅट जातील. मग फोनच्या स्टोरेजमध्ये "अँड्रॉइड", त्यात "मीडिया", त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचं फोल्डर शोधा आणि ते अख्खं संगणकावर घ्या. त्यातल्या "डेटाबेसेस" फोल्डरमध्ये चॅटची कूटबद्ध फाइल असते, शिवाय मागच्या काही दिवसांच्या प्रती.

नव्या रॉमवर हे फोल्डर त्याच जागी परत ठेवायचं, मग व्हॉट्सॲप टाकायचं, तोच फोन नंबर पडताळायचा आणि फाइलींची परवानगी द्यायची. बॅकअप सापडल्याचा संदेश येतो. संदेश आला नाही तर "वगळा" दाबून पुढे जाऊ नका. ॲप काढा, फोल्डरची जागा तपासा आणि पुन्हा करा.

एंड-टू-एंड कूटबद्ध बॅकअप सुरू केला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी-अक्षरी किल्ली लागेल, आणि ती व्हॉट्सॲपकडूनही परत मिळत नाही. पासवर्ड आठवत नसेल तर जुना फोन चालू आहे तोवर तो बदलून घ्या. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप गूगल ॲप्स नसलेल्या रॉमवर उतरत नाही. तिथे फोनमधली हीच फाइल कामाची.

सिग्नल आणि टेलिग्राम?

सिग्नलमध्ये फोनवरचा बॅकअप सुरू करताना ३० अंकांचा सांकेतिक क्रमांक मिळतो. फाइल आणि क्रमांक दोन्ही हवेत. क्रमांक कागदावर लिहा, स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवू नका. टेलिग्रामच्या साध्या चॅट सर्व्हरवर असतात, लॉग-इन केलं की येतात. "सीक्रेट चॅट" त्या फोनशी बांधलेल्या असतात, त्या गेल्याच म्हणून समजा.

दोन टप्प्यांच्या लॉग-इनचे आकडे देणारं ॲप आहे. त्याचं काय?

पूर्ण यादीतून एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करा. फोटो गेले तर वाईट वाटतं. हे ॲप गेलं तर ई-मेलमध्ये शिरता येत नाही, ई-मेलशिवाय बाकीची खाती उघडत नाहीत, आणि तुम्ही स्वतःच्याच दारात उभे राहता.

गूगल ऑथेंटिकेटरमध्ये २०२३ पासून खात्याशी सिंक करण्याची सोय आहे, आणि खाती क्यूआर कोडने दुसऱ्या फोनवर हलवताही येतात. दुसरा फोन हाताशी असेल तर तिथे आधी उतरवा आणि दोन्हीकडे एकच आकडा येतो का ते बघा. एजिस हे तसंच दुसरं ॲप वापरत असाल तर कूटबद्ध निर्यात करा आणि तिचा पासवर्ड लक्षात ठेवा. याशिवाय मुख्य ई-मेल खात्याचे राखीव कोड उतरवून कागदावर घ्या. सिंकवर विसंबणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी : ज्या खात्यात आकडे सिंक होतात, त्याच खात्याचं लॉग-इन त्याच आकड्यांवर अडलेलं नाही ना?

संपर्क आणि मेसेज?

संपर्क ॲपमध्ये प्रत्येक नाव कुठे जतन आहे ते बघा : गूगल खात्यात, सिमवर, की "फोन"वर. "फोन"वरची नावं कुठेही सिंक होत नाहीत. सगळी निवडून व्हीसीएफ फाइलमध्ये निर्यात करा आणि ती संगणकावर उघडून मराठी नावं नीट दिसतात का पाहा. मेसेज आणि कॉल यादीसाठी "एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर" हे ॲप एक्सएमएल फाइल करून देतं. वाय-फायचे पासवर्ड अँड्रॉइड १० पासून क्यूआर कोड रूपात दाखवता येतात.

एडीबी बॅकअप ही आज्ञा वापरू का? जुन्या मार्गदर्शनात सगळीकडे तीच आहे.

जुन्या फोनवर काही अंशी चालते. अँड्रॉइड १२ पासून, त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲप्सचा डेटा ती घेतच नाही. वाईट म्हणजे ती चूक दाखवत नाही. फाइल तयार होते, आकार लहान असतो, आणि सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. फाइली उतरवायला एडीबी उत्तम, ॲपचा डेटा वाचवायला नाही.

माझा फोन आधीच रूट आहे. ॲप डेटासकट उचलणारी ॲप्स आहेत ना?

आहेत. एके काळी टायटॅनियम बॅकअप होतं, आता निओ बॅकअप आणि स्विफ्ट बॅकअप वापरतात. तुम्ही सुखी आहात, कारण दुसरा ढीग तुम्हाला जवळपास अख्खा उचलता येतो. दोन पथ्यं पाळा. स्वतः टाकलेल्या ॲप्सचाच डेटा परत आणा. सिस्टिम ॲप्सचा डेटा एका रॉममधून दुसऱ्यात नेलात तर फोन सुरू होता होता परत बंद, असा बूटलूप होऊ शकतो. आणि काही ॲप्सचा डेटा अचूक परत येऊनही ती उघडणार नाहीत, कारण त्यांची किल्ली फोनच्या हार्डवेअरमधल्या कीस्टोअरमध्ये असते. तिची प्रत रूट असूनही काढता येत नाही आणि डेटा पुसताना ती निकामी होते. सिग्नल आणि बरीचशी बँकेची ॲप्स या गटातली. त्यांच्यासाठी त्यांचाच बॅकअप किंवा नव्याने नोंदणी.

टीडब्ल्यूआरपीमधून पूर्ण बॅकअप घेतला की झालं ना?

टीडब्ल्यूआरपी ही एक कस्टम रिकव्हरी. तिच्या या बॅकअपला नँड्रॉइड म्हणतात, आणि नाव ऐकून वाटतं की यात फोन जसाच्या तसा येतो. त्यात डेटा पार्टिशन घेतलं तरी "मीडिया" फोल्डर, म्हणजे तुमचे फोटो, वगळलेलं असतं. शिवाय आजच्या फोनवर डेटा कूटबद्ध असतो. तुमच्या मॉडेलच्या टीडब्ल्यूआरपीला तो उलगडता आला नाही तर फोल्डरांची नावं विचित्र अक्षरांत दिसतात. तशा अवस्थेत घेतलेला डेटाचा बॅकअप टाकाऊ समजा.

त्यातच मूळ सिस्टिममधून कस्टम रॉमवर जाताना बहुधा "फॉरमॅट डेटा" करावं लागतं. टीडब्ल्यूआरपीतला साधा "वाइप" आणि हा, दोन्हींत फरक आहे. साधा वाइप मीडिया फोल्डर ठेवतो. "फॉरमॅट डेटा" काहीच ठेवत नाही, म्हणून तर तो इंग्रजीत "येस" टाइप करायला लावतो.

दुसऱ्या स्लॉटमध्ये जुनी प्रत शिल्लक असते असं ऐकलं.

ए आणि बी असे दोन स्लॉट, म्हणजे ठेवायच्या जागा, फक्त सिस्टिमच्या असतात. डेटा पार्टिशन दोघांत मिळून एकच, म्हणून तुमचा डेटा दुसऱ्या स्लॉटमध्ये शिल्लक नसतो.

ईएफएस म्हणजे काय, आणि लोक त्याला इतके का घाबरतात?

हा तिसरा ढीग. फोनचा आयएमईआय आणि रेडिओची मांडणी काही छोट्या पार्टिशनांत असते. ती फक्त तुमच्या एका फोनची असतात. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनची चालत नाहीत, इंटरनेटवरून उतरवता येत नाहीत, आणि कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्येही (फोनसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही) नसतात. एखाद्या चुकीच्या फ्लॅशने (सॉफ्टवेअर चढवण्याने) ती खराब झाली तर फोन सुरू होतो, वाय-फाय चालतं, पण आयएमईआय रिकामा आणि नेटवर्क गायब.

नावं चिपप्रमाणे बदलतात. क्वालकॉमवर मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि एफएससी बघा. मीडियाटेकवर एनव्हीरॅम, एनव्हीडेटा आणि दोन प्रोटेक्ट पार्टिशनं. सॅमसंगच्या एक्सिनॉस फोनांवर सरळ ईएफएस. यांच्या जोडीला पर्सिस्ट नावाचं पार्टिशन घ्या. सेन्सरची जुळणी तिथे असते आणि काही फोनांवर व्हिडिओच्या हक्कांच्या किल्ल्याही.

हा बॅकअप अनलॉकनंतरचा. बऱ्याच फोनांवर फास्टबूटच्या (संगणकावरून बूटलोडरला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या) बूट आज्ञेने टीडब्ल्यूआरपी कायमची न चढवता तात्पुरती सुरू करता येते. तिच्या टर्मिनलमधून डीडी आज्ञेने प्रत्येक पार्टिशनची प्रतिमा (हुबेहूब नक्कल) काढा आणि लगेच संगणकावर न्या. ही पार्टिशनं डेटासारखी स्क्रीन लॉकशी बांधलेली नसतात, त्यामुळे डेटा उलगडला नाही तरी ही मिळतात. एकूण आकार बहुतेक वेळा एखाद्या छोट्या व्हिडिओहून जास्त नसतो, काम दहा मिनिटांचं. डीडी लिहिताना स्रोत आणि ठिकाण यांची अदलाबदल करू नका. ती आज्ञा एकदाही "नक्की का?" विचारत नाही.

फोन तुमच्याकडे आहे तोवर या फाइली कुणालाही पाठवू नका. आणि दुसऱ्याच्या फोनच्या फाइली आपल्या फोनवर चढवणं अनेक देशांत आयएमईआय बदलण्याचा गुन्हा ठरतं, फोन सुधारत नाही ते वेगळंच.

मूळ फर्मवेअर आधीच उतरवून ठेवायचं का?

हो, नेमक्या मॉडेल क्रमांकाचं आणि प्रदेशाचं. फोन अडकल्यावर ते शोधायला तुमच्याकडे फोनच नसतो. आत्ता फोनवर आहे त्याहून जुनी आवृत्ती घेऊ नका. मागे जाण्यावर बंदी घालणारी रचना अनेक फोनांत आहे. पिक्सेल ६ च्या फोनांवर २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ टाकलं की १२ च्या बूटलोडरवर परतता येत नसे. काही फोनांवर असा प्रयत्न फोन कायमचा ब्रिक (निकामी) करतो.

बॅकअपने काय परत येणार नाही?

सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत अनधिकृत सॉफ्टवेअर चढवलं की नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा) इलेक्ट्रॉनिक फ्यूज जळतो. मूळ सिस्टिम परत टाकली तरी तो जळलेलाच राहतो, आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी जातात. काही फोनांवर वाइडवाइन (चित्रपटांची नक्कल रोखणारी व्यवस्था) एल१ वरून एल३ या खालच्या पातळीवर येतं, म्हणजे पैसे भरून पाहायचे चित्रपट कमी रेझोल्यूशनमध्ये. बँकेची काही ॲप्स प्ले इंटिग्रिटीच्या, म्हणजे फोनची सिस्टिम विश्वासार्ह आहे का हे बघणाऱ्या गूगलच्या, तपासणीत अडतात. रोजचे व्यवहार याच फोनवर असतील, तर रॉम टाकण्याचा विचारच पुन्हा करा, असं मी स्पष्ट सांगतो.

ई-सिम आहे.

त्याच्या प्रोफाइलची प्रत निघत नाही. रीसेट करताना "ई-सिम पुसायचं का" विचारलं तर नको म्हणा, आणि ते नव्याने मिळवण्याची पद्धत तुमच्या मोबाइल कंपनीकडून आधीच विचारून घ्या.

बॅकअप नीट झाला हे कसं ओळखायचं?

उघडून. संगणकावर फोल्डरचा आकार आणि फाइलींची संख्या फोनशी जुळवा. सर्वात मोठा व्हिडिओ शेवटच्या मिनिटावर नेऊन चालवा. झिप तपासा. पार्टिशनच्या प्रतिमा असतील तर दोनदा काढून त्यांचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) जुळतो का पाहा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, एक्सएफएटी करून घ्या. यूएसबी २ च्या केबलने १०० जीबी उतरवायला साधारण पाऊण ते एक तास धरा, हजारो छोट्या फाइली असतील तर बराच जास्त. झोपायच्या आधी सुरू केलेलं काम अर्ध्यात तुटलेलं असतं, सकाळी घाईत कुणी बघत नाही.

जे परत मिळणार नाही त्याची दुसरी प्रत आणखी एका ठिकाणी ठेवा.

गूगल खातं आधी काढायचं का?

बॅकअप पूर्ण झाल्यावर, हो. अँड्रॉइड ५.१ पासून रीसेटनंतर जुनं खातं विचारणारं संरक्षण आहे. मूळ सिस्टिमवर परत आलात तर ते आडवं येऊ शकतं. निदान पासवर्ड तरी पाठ हवा.

रॉम टाकून झाला, फोन नीट चालतोय. बॅकअप कधी पुसू?

फोटोंची प्रत दुसरीकडे असेल आणि महिनाभर काही शोधावं लागलं नसेल, तर मोठी फोल्डरं पुसा. चॅटची फाइल त्यापेक्षा जास्त दिवस ठेवा, कारण कुठली जुनी चॅट आली नाही हे फार उशिरा कळतं. ईएफएस आणि पर्सिस्टच्या प्रतिमा फोनच्या मॉडेलचं नाव देऊन तो फोन वापरात आहे तोवर ठेवा. फोन विकलात तर त्या नव्या मालकाला द्या.